कालच्यापेक्षा आज कसं?

वैशू, ओमच्या तिरळ्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली हे बरं झालं. ‘मोठा झाला की आपोआप सरळ होईल’ आणि ‘तिरळा डोळा भाग्याचा’ म्हणणारी माणसं आपल्याकडे घरोघरी असतात. त्यांचं ऐकत बसली नाहीस, हे त्याहून बरं. माझी सगळी नोकरी डोळ्यांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून गेली, त्यातही बराच काळ लहान मुलांत. शस्त्रक्रिया डॉक्टर करतील, भूल भूलतज्ज्ञ देतील, तिथे तुझ्या-माझ्या सांगण्याला जागा नाही. पण मूल घरी आलं की पहिला आठवडा त्याच्यावर नजर असणार ती तुझी. आणि या शस्त्रक्रियेनंतरचा जो वाईट धोका आहे, जंतुसंसर्गाचा, तो नेमका त्याच आठवड्यात, घरातच डोकं वर काढतो. त्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते एकदाच नीट सांगते. कागद घेऊन बस. ऐन वेळी काही आठवत नाही.

आधी भीतीला माप लाव

डोळ्याच्या गोळ्याला बाहेरून सहा स्नायू चिकटलेले असतात. पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा थोडा कापून डॉक्टर त्यातला एखाद-दुसरा स्नायू सोडवतात, तो मागे सरकवून किंवा आखूड करून पुन्हा शिवतात. टाके विरघळणारे असतात, काढायला जावं लागत नाही. गोळ्याच्या आत शिरायचं कामच नसतं, म्हणून आत जंतू जाण्याची भीती मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी.

मात्र टाका घ्यायचा तो गोळ्याच्या पांढऱ्या कवचातूनच. स्नायू जिथे चिकटतो त्याच्या लगेच मागे हे कवच जेमतेम 0.3 मिलिमीटर जाड असतं, आणि सुई त्या जाडीच्या आतल्या आत सरकवून बाहेर काढायची असते. एखादे वेळी ती जराशी खोल जाते. बहुतेकदा त्याने काही बिघडत नाही, पण जंतूंना आत जायला ती एक वाट झाली. आणि सुई अगदी नीट गेलेली असूनही संसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून लगेच कुणाला दोष देत बसायचं नाही.

संसर्ग दोन जागी होतो. एक म्हणजे गोळ्याच्या भोवती, डोळ्याच्या खोबणीत. तिथे सूज येते, कधी पू साठतो, आणि दुर्लक्ष झालं तर तो रक्तात किंवा मेंदूकडे पसरू शकतो. दुसरा थेट गोळ्याच्या आत. हा फार विरळा, पण झाला तर एक-दोन दिवसांत नजर जाऊ शकते. पहिल्या प्रकाराचं प्रमाण अमेरिकेत 1995 साली दर 1,100 ते 1,900 शस्त्रक्रियांमागे एक असं नोंदलं गेलं. दुसऱ्याचं एका जुन्या पाहणीत साडेतीन हजारांत एक होतं, तर नंतरच्या एका पाहणीत 1 लाख 85 हजारांत एक. ब्रिटनमध्ये दोन वर्षं देशभरातून नोंदी मागवल्या, त्या 2013 साली छापून आल्या. साधारण 24,000 शस्त्रक्रियांत गंभीर संसर्ग 14. तेव्हा रात्रीची झोप घालवण्याइतकी ही भीती मोठी नाही. पण ज्या मुलाला संसर्ग होतो त्याच्या बाबतीत तास मोलाचे असतात, म्हणून खुणा माहीत असायलाच हव्यात.

नाक, नखं आणि खरं सांगणं

जंतू बाहेरून कुठून तरी येतात असं आपल्याला वाटतं. बऱ्याचदा ते मुलाच्या अंगावरच असतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू कित्येक निरोगी माणसांच्या नाकपुडीत मुक्कामाला असतो. मूल नाकात बोट घालतं आणि तेच बोट डोळ्याला लावतं. म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नखं अगदी बारीक काप, डोक्यावरून अंघोळ घाल, आणि नाकात बोट घालायची सवय आजपासूनच मोडायला घे.

याहून महत्त्वाचं म्हणजे डॉक्टरांना खरं सांगायचं. तारीख मिळालेली असते, यांनी रजा टाकलेली असते, सासूबाई गावाहून आलेल्या असतात, आणि नेमकं दोन दिवस आधी पोराला सर्दी होते. मग आई हळूच नाक पुसते आणि ‘काही नाही, जरा हवा बदलली’ म्हणून सोडून देते. तसं करू नकोस. पिवळा शेंबूड, ताप, कान फुटणं, घसा सुजणं, नाकाजवळ किंवा तोंडाभोवती पिकलेले फोड, अंगावर गळू, पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे, सकाळी चिपडांनी चिकटलेले डोळे, सतत डोळ्यातून पाणी आणि घाण येणं, यातलं काहीही असलं तर आधीच फोन कर. तारीख पुढे गेली तर जाऊ दे. दोन-तीन आठवडे उशिराने काही बिघडत नाही. पिकलेल्या नाकाशेजारी टाका घालण्यात मात्र बिघडू शकतं.

मुलाला दम्यासाठी किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी स्टिरॉइड चालू असेल, मधुमेह असेल, वारंवार आजारी पडत असेल, तर तेही सांगायचं. लसीकरणाचं कार्ड सोबत ने. हिबची लस आणि न्यूमोकोकलची लस आता सरकारी वेळापत्रकात आहेत, आणि ज्या जंतूंमुळे मुलांच्या डोळ्याची खोबण सुजते त्यातल्या काहींना त्या अडवतात. एखादा डोस राहिला असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचार.

थिएटरमध्ये काय होतं ते तू पाहणार नाहीस, पण एक सांगते. झाकायचं कापड घालण्याआधी मुलाच्या पापण्या तपकिरी औषधाने पुसतात आणि त्याच औषधाचे 5 टक्क्यांचे थेंब डोळ्यातही घालतात. पोव्हिडोन आयोडीन त्याचं नाव. ते डोळ्यात घालायची रीत 1980च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये शेरविन आयझनबर्ग आणि लेनर्ड ऍप्ट या डॉक्टरांनी घालून दिली. महागडं काही नाही, पण जंतू कमी करण्यात त्याच्याइतकं कामाचं दुसरं क्वचितच काही आहे. बाहेर आल्यावर ओमच्या गालावर किंवा कपाळावर पिवळट डाग दिसला तर दचकू नकोस, धुतला की जातो.

पाच दिवस पाहुण्यांकडे

हा सल्ला माझा खास आहे, आणि वॉर्डातल्या कित्येक घरांना मी तो दिला आहे. शस्त्रक्रिया पुण्यात आणि घर तीन-साडेतीन तासांवर तालुक्याच्या गावी, असं असेल तर त्याच संध्याकाळी परत निघायचं नाही. आपलं घर ते आपलंच, हे खरं. पण पहिले पाच दिवस दवाखान्यापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत राहा. आत्याकडे राहा, जाऊबाईंच्या माहेरी राहा, जमेल तिथे राहा. बिघडलं तर बहुतेक तिसऱ्या-चौथ्या दिवशी बिघडतं, आणि तेव्हा रात्री एसटी धरून निघणं कुणाच्याच हिताचं नाही.

डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की तिथेच उभं राहून तीन गोष्टी विचारायच्या. रात्री फोन कुणाला करायचा, आणि तो खरंच कुणी उचलतो का? रात्री मूल आणलं तर पाहणार कोण? आणि गरज पडली तर लहान मुलाला भूल देणारे आणि डोळ्याच्या पडद्याचं काम करणारे डॉक्टर इथे मिळतील का, नाहीतर कुठे पाठवाल? या प्रश्नांनी कुणी चिडलं तर चिडू दे. उत्तरं कार्डाच्या पाठीमागे लिहून घे आणि त्याचा फोटो ओमच्या बाबांच्याही मोबाइलमध्ये ठेव.

आणखी एक. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत डॉक्टर ‘छान आहे’ म्हणतात आणि घरातले सगळे सैल पडतात. त्या दिवशी ते छानच असतं. जंतू वाढायला वेळ घेतात. पहिली तपासणी चांगली झाली म्हणून तिसऱ्या दिवसाची नजर ढिली सोडू नकोस.

थेंब घालायची रीत

आधी हात साबणाने धू, तुझेही आणि त्याचेही. बाटलीवरचं नाव आणि तारीख मोठ्याने वाच. घरात आजोबांचे काचबिंदूचे थेंब असतात, धाकटीचे नाकाचे थेंब असतात, आणि बाटल्या सगळ्या सारख्याच दिसतात. उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिही.

ओमला पाठीवर झोपव. खालची पापणी हलकेच ओढली की एक खळगा होतो, थेंब त्यात पडू दे. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, तुझ्या बोटाला, कशालाही लागता कामा नये. लागलं की पुढचा प्रत्येक थेंब खराब. डोळे गच्च मिटून घेत असेल तर मारामारी नको. मिटल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेव आणि गोष्ट सांगत बस. कधीतरी डोळा उघडतोच, तेव्हा थेंब आत जातो. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ दे, आणि मलम सगळ्यात शेवटी.

या थेंबांत बहुतेक वेळा प्रतिजैविक आणि स्टिरॉइड असं दोन्ही असतं. सांगितले तितके दिवस, सांगितले तितक्या वेळा, न कमी न जास्त. बरं वाटलं म्हणून मधेच थांबवायचे नाहीत, आणि ‘अजून लाल आहे’ म्हणून मेडिकलमधून दुसरी बाटली आणायची नाही. स्टिरॉइड लाली दाबतं, खूण झाकली जाते, आणि जास्त दिवस चाललं तर डोळ्यातला दाबही वाढतो. थेंब वेळेवर घातले म्हणजे कवच मिळालं, असंही समजू नकोस. खोबणीत खोल गेलेल्या जंतूपर्यंत वरचा थेंब पोहोचत नाही. थेंब चालू असतानाही मुलांना संसर्ग झालेला आहे.

पदर, अंगारा, काजळ

डोळ्यातून पाणी आलं की आईचा हात आपोआप पदराकडे किंवा ओढणीकडे जातो. तेवढी एक सवय पंधरा दिवस मोड. उकळून गार केलेलं पाणी, स्वच्छ कापसाचा बोळा, नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं आणि बोळा टाकून द्यायचा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. ओमचा रुमाल, टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा ठेव. अभ्रा रोज बदल.

डोळ्यात मध, तूप, एरंडेल, गुलाबपाणी, आईचं दूध, काही म्हणजे काहीच जाता कामा नये. काजळ आणि सुरमा डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. सासूबाईंना अंगारा लावायचा असेल तर त्यांचं मन मोडू नकोस, पण तो कपाळावर न लावता मनगटाला किंवा दंडाला लावू दे. कपाळावरचा घामाबरोबर डोळ्यात उतरतो. डोक्याला तेल चोपडायचं नाही. अंघोळ गळ्यापासून खाली, केस धुवायचे तर मान मागे टेकवून. धूप, चुलीचा धूर, गोठ्यातली धूळ, वाळूचा ढीग यांपासून लांब. तलाव, विहीर, नदी निदान दोन आठवडे नाही, आणि नंतरही विचारून. रंगपंचमी तोंडावर आली असेल तर यंदा खिडकीतून.

पथ्याच्या नावाखाली पोराला उपाशी मारू नका. आंबट खाल्लं की पिकतं, वांगं खाल्लं की टाके चिघळतात, असं शेजारच्या काकू छातीठोकपणे सांगतील. तसं काही नाही. रोजचं वरण-भात, भाजी, अंडं, दही, जे तो खातो ते दे. भेटायला येणाऱ्यांना मात्र दारातच सांग, सर्दी-खोकला असेल किंवा घरात कुणाचे डोळे आले असतील तर फोनवरच विचारपूस करा. गालगुच्चे आणि पापे नंतर.

पहिले काही दिवस डोळ्यावर पट्टी नसेल तर बावरू नकोस. बऱ्याच ठिकाणी या शस्त्रक्रियेनंतर डोळा उघडाच ठेवतात.

रोजची एक ओळ

आता मुख्य गोष्ट. या शस्त्रक्रियेनंतर डोळा लाल होतोच. पहिल्या दिवशी अश्रूंत रक्ताची छटा येते, पापणी जरा जड होते, उजेड नको वाटतो, टाक्यांमुळे डोळ्यात कचरा गेल्यासारखं खुपतं. भुलीमुळे आणि डोळ्याच्या स्नायूंना ओढ बसल्यामुळे पहिल्या दिवशी उलट्याही होतात. काही मुलांना थोडे दिवस एकाचे दोन दिसतात. लाली पूर्ण जायला काही आठवडे लागतात. तेव्हा लाल आहे की नाही, हा प्रश्नच नव्हे. विचारायचं ते एवढंच, कालच्यापेक्षा आज कसं?

ओहोटीसारखं सगळं रोज थोडं थोडं उतरत गेलं पाहिजे. सूज कालच्यापेक्षा कमी, दुखणं कालच्यापेक्षा कमी, खेळणं कालच्यापेक्षा जास्त. उतरता उतरता मधेच चढायला लागलं, विशेषतः दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान, की थांबायचं नाही. दोन-तीन दिवस बरा असलेला डोळा अचानक सुजला, ही घरात पाहता येणारी सगळ्यात खरी खूण.

आठवण दगा देते, म्हणून रोज सकाळी फोटो काढ. तीच खिडकी, तीच वेळ, दोन्ही डोळे एकाच फोटोत, फ्लॅश बंद. त्याखाली वहीत एकच ओळ लिही: ताप किती, सूज कमी की जास्त, खाल्लं का, खेळला का. तापाचं औषध द्यायच्या आधी ताप मोजायचा, नंतर नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. कालच्यापेक्षा आज औषध जास्त वेळा लागतंय, हीसुद्धा एक खूण झाली.

डोळे कसे हलतात ते पाहा. डोकं स्थिर धरून आवडती गाडी डावीकडे, उजवीकडे, वर, खाली ने. स्नायू ताजा शिवलेला असल्याने थोडं अडखळेल. काल जिथवर जात होता तिथवर आज जात नसेल, किंवा हलवताना ओरडत असेल, तर ते बरं नाही. नजरेसाठी, एक डोळा स्वच्छ तळहाताने न दाबता झाक आणि बिस्कीट दाखव. मग दुसरा. एकाच बाजूला झाकल्यावर मूल चिडून हात ढकलायला लागलं, तर उघड्या डोळ्याला कमी दिसत असेल. तीन-चार वर्षांचं मूल ‘मला दिसत नाही’ असं सांगत नाही, दुसऱ्या डोळ्याने काम चालवून घेतं.

मुलाकडेही बघ

डोळ्याकडे इतकं बघतो आपण की मुलाकडे बघायचं राहून जातं. डोळ्याच्या आतल्या संसर्गाच्या ज्या केसेस डॉक्टरांनी लिहून ठेवल्या आहेत, त्यांत मुलं तिसऱ्या दिवसाच्या आसपास मलूल झाली होती, एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त लाल होता. पापणी सुजणं आणि ताप काहींना होता, काहींना नव्हता. म्हणजे ताप नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी मूल पेंगतं ते भुलीमुळे. तिसऱ्या दिवशी पेंगलं तर भुलीकडे बोट दाखवायचं नाही.

एक आई मला चांगली आठवते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. डोळा बघून मलाही फार काही वाटलं नसतं. पापणी जरा सुजलेली, इतकंच. पण ती आई म्हणाली, ‘ही सकाळपासून भावाशी भांडलेली नाही.’ डॉक्टरांनी ते एक वाक्य ऐकून मुलीला ठेवून घेतलं. रात्रीतून सूज वाढली, तपासणीत खोबणीत पू साठायला लागलेला दिसला. सलाईनमधून औषधं वेळेत सुरू झालेली होती, पोरगी सुधारली आणि डोळा वाचला. तुझं मूल रोज कसं असतं हे कुठल्याच डॉक्टरला माहीत नसतं. ते तुझ्याकडून कळायला हवं.

जी मुलं बोलत नाहीत, मतिमंद आहेत, किंवा ज्यांना डाउन सिंड्रोमसारखं काही आहे, त्यांच्याकडे दुप्पट लक्ष हवं. ती डोळे जास्त चोळतात आणि दुखतं हे सांगू शकत नाहीत. ओळखीत कुणी असं घर असेल तर हे त्यांनाही सांग.

रात्र असली तरी निघ

पुढची यादी फ्रीजवर चिकटव. सूज उतरायची सोडून वाढली. डोळा उघडतच नाही. डोळा पुढे आल्यासारखा दिसतो. हलत नाही. दुखणं वाढलं, औषधाने थांबत नाही. पिवळी-हिरवी घाण यायला लागली. ताप आला. मूल मलूल पडलं, खात नाही, खेळत नाही. पहिला दिवस उलटून गेल्यावर पुन्हा उलट्या किंवा डोकेदुखी. उजेड कालच्यापेक्षा जास्त नको वाटतो. काळ्या बुबुळावर किंवा बाहुलीत पांढरट, पिवळट काही दिसतं. नजर कमी झाली. यातली एकही गोष्ट सकाळपर्यंत थांबत नाही.

आधी फोन कर, आणि फोनवर गोष्ट सांगत बसू नकोस. एका दमात सांग, ‘तिरळेपणाची शस्त्रक्रिया झाली आहे, आज चौथा दिवस आहे, सूज वाढतेय आणि मूल मलूल आहे.’ एवढ्यावर कुणीही जाणता डॉक्टर उठून बसतो. काही खायला-प्यायला द्यायचं का तेही विचार, कारण तपासणीसाठी किंवा पू काढण्यासाठी भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. डिस्चार्ज कार्ड, थेंबांच्या बाटल्या, फोटो आणि वही सोबत घे. गाडीची सोय नसेल, मूल झोपेतून नीट उठतच नसेल किंवा फिट आली असेल, तर 108ला फोन.

जवळच्या दवाखान्यात कुणी ‘डोळे आलेत, थेंब बदलून देतो’ म्हणालं तर नम्रपणे सांग, याच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, मला नेत्रतज्ज्ञांनाच दाखवायचं आहे. साथीचे डोळे येतात तेव्हा सगळे डोळे सारखेच दिसतात, आणि शस्त्रक्रियेच्या डोळ्याचं निदान टेबलापलीकडून होत नाही. व्हॉट्सऍपवर फोटो पाठवणं हे डॉक्टरांना सावध करण्यापुरतं. त्याने तपासणी होत नाही.

तिथे गेल्यावर काय होतं ते आधीच माहीत असलेलं बरं. रक्त तपासतील, डोळ्याची सोनोग्राफी किंवा खोबणीचा सीटी स्कॅन करतील. खोबणीतला संसर्ग असेल तर दाखल करून सलाईनमधून प्रतिजैविकं देतात, पू साठला असेल तर भूल देऊन काढतात. लवकर सुरू झालं तर बहुतेक मुलं बरी होतात. संसर्ग गोळ्याच्या आत असेल तर भूल देऊन आतल्या द्रवाचा नमुना घेतात आणि औषध तिथेच, डोळ्यात टोचतात, कधी आतला द्रव काढून साफ करायची शस्त्रक्रिया लागते. ‘डोळ्यात इंजेक्शन’ ऐकून घरातली मोठी माणसं मागे सरतात, ‘उद्या ठरवू’ म्हणतात. तेव्हा तू मागे सरू नकोस. हे कळलं त्याच रात्री करायचं काम आहे.

बाकीचं थोडक्यात

दोन-तीन आठवड्यांनी टाक्याच्या जागी लालसर गाठ दिसली किंवा पाण्याने भरलेला छोटा फोड दिसला, तर ती धावपळीची गोष्ट नाही, पुढच्या तपासणीला दाखव. थेंबांनी किंवा टाक्यांनी खाज आणि सूज येते, तीही असते, पण ती खाजेची सूज आहे की जंतूंची, हे घरात ठरवायचं नाही. सरळ झालेला डोळा अचानक उलट्या बाजूला वळलेला दिसला तर स्नायू सुटल्याची शंका असते, त्याच दिवशी फोन कर.

शाळा साधारण आठवड्याने, डॉक्टरांना विचारून. बाईंना सांग, मधल्या सुट्टीत मातीत खेळू देऊ नका. आणि आळशी डोळ्यासाठी पट्टी लावायला सांगितली असेल तर ती पुन्हा कधी सुरू करायची तेही विचार. डोळा सरळ झाला म्हणजे त्याची नजरही आपोआप सुधारली, असं होत नाही.

शंका आली आणि तपासून काहीच निघालं नाही, तर कुणी हसेल का, गाडीभाडं वाया गेलं म्हणून घरात बोलतील का, असलं काही मनात आणू नकोस. मी रात्रपाळीला असताना अशा आया यायच्या, ‘उगाच त्रास दिला’ म्हणत ओशाळून परत जायच्या. आम्हाला कधी त्रास वाटला नाही. मी लागले तर मलाही फोन कर, कितीही वाजता. पण आधी डॉक्टरांना.